ओटीतलं कार्ड

ललिताताईंनी मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, पदरात खणाची घडी घातली, नारळ घातला, मूठभर तांदूळ घातले. मग त्यांच्या यजमानांनी पिशवीत हात घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बायकोच्या हातात दिलं. ताईंनी कागद सोडवला, एकदा नवऱ्याकडे बघून हसल्या आणि तेही माझ्या पदरात, तांदळांवर ठेवलं.

हिरवी पट्टी, तिच्यावर छोटासा काळा पंखा, एका कडेला पितळी दातांची रांग. ग्राफिक्स कार्ड होतं. पंख्याच्या पात्यांवर जुनी धूळ होती आणि आता तिच्यात माझ्या ओटीतले दोन तांदूळ अडकले होते.

"रिकाम्या हातानं कसं यायचं?" यजमान म्हणाले. "मध्यस्थ सांगत होते, मुलीचा कम्प्युटर जुना झालाय, एक फोटो उघडायचा तर चहा पिऊन होतो, कार्ड टाकायचं म्हणत असते. म्हटलं, साडी काय, कुणीही आणतं."

सगळे हसले. पदर सांभाळत मीही हसले. स्वयंपाकघराच्या दारात आईचा आवाज आला, "बघायला आले त्याच दिवशी ओटी!" ती हे स्वतःशीच बोलली होती, पण आमच्या घरात स्वतःशी बोललेलं बाहेरच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं. पसंत पडल्याशिवाय कुणी ओटी भरतं का, असं तिला म्हणायचं होतं. मला बघून गेलेल्यांची मोजदाद तिनं केव्हाच सोडली होती. मी एकोणतिशीत होते आणि बार्शीतल्या आमच्या गल्लीत माझ्या मागून जन्मलेल्या मुली बाळंतपणाला माहेरी येऊन गेल्या होत्या.

मुलगा लातूरचा. उमाकांत बिडवे. कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट. आईवडील नाहीत, त्यामुळे बहीण ललिताताई आणि त्यांचे यजमान हेच सगळं बघत. यजमानांचं लातुरात कम्प्युटरचं दुकान होतं. उमाकांत त्यांना दाजी म्हणत होता, म्हणून पोहे येईपर्यंत आम्हीही सगळे त्यांना दाजीच म्हणायला लागलो. काही माणसं अशी असतात, खोलीत येतात आणि सगळ्यांचेच दाजी होतात.

"काय प्रमोदिनीबाई," दाजी म्हणाले, "कोर्स कुठला केलाय?"

"कोर्स नाही केला. माझं मीच शिकले."

"म्हणजे सर्टिफिकेट नाही."

"नाही."

"पत्रिका करते ओ ती," अण्णा मध्येच म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत कंट्रोलर होते, निवृत्त झाले तरी आवाज स्टँडवरचाच राहिला. "अख्ख्या बार्शीच्या लग्नपत्रिका. प्रेसवाले घरी येऊन बसतात. आता सीझन आहे, श्वास घ्यायला वेळ नाही पोरीला."

हे खरं होतं. कम्प्युटर अण्णांनीच आणला होता, पुण्यातल्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून. एसटीनं आणला. डिकीत ठेवायला त्यांचा जीव होईना, म्हणून कॅबिनेट गोधडीत गुंडाळून पुण्यापासून बार्शीपर्यंत मांडीवर घेऊन बसले, आणि मॉनिटरला त्यांच्या ओळखीच्या कंडक्टरनं स्वतःची सीट दिली. घरी आल्यावर त्यांना पाय सरळ करता येईनात. म्हणाले, "घे, तुझं लेकरू." मी ते चालवायला कशी शिकले हे मला कुणी विचारलं तर सांगायला फार काही नाही. एक बटण दाबायचं, काय होतं ते बघायचं, घाबरायचं, आणि पुन्हा दाबायचं. उघडून आतली धूळ पुसायलाही तशीच शिकले. त्याच्याबरोबर एक पातळ इंग्रजी पुस्तिका आली होती. ती मी डिक्शनरी घेऊन वाचली, पोथीसारखी, एकेक पान रोज.

"मग, तुम्ही दोघं आत जाऊन बोला की," ललिताताई म्हणाल्या. "आम्ही काय, पोहे खातो."

आतली खोली म्हणजे कम्प्युटरची खोली. मी ओटी देवासमोर उतरवली आणि कार्ड तेवढं हातात घेऊन गेले. उमाकांत खुर्चीवर न बसता टेबलाशी उभा राहिला. सडपातळ, चष्मा, शर्टाच्या खिशाला शाईचा निळा डाग. तो डाग लपवायला त्यानं वरती रुमाल ठेवला होता आणि रुमालालाही डाग लागला होता. मला तो तिथेच आवडला. उगीच लांबवत नाही.

स्क्रीनवर एक पत्रिका अर्धी झाली होती. ती त्यानं वाकून पाहिली.

"हे पोपट तुम्ही काढलेत?"

"पोपट तयार मिळतात. मी फक्त त्यांना एकमेकांकडे तोंड करायला लावलं. आधी एकाच दिशेला बघत होते, भांडल्यासारखे."

तो हसला. हसताना खांदे हलत होते, आवाज होत नव्हता. "तुमच्या स्वतःच्या पत्रिकेवर काय काढाल?"

"काही नाही. कडेनं एक रेघ. बारीक."

"एवढंच?"

"तुम्हाला काय हवंय, हत्ती?"

पुन्हा खांदे हलले. मग त्यानं माझ्या हातातलं कार्ड घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं केलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे तुम्ही बसवू नका."

"मला माहितेय," मी म्हटलं.

"काय माहितेय?"

"याला दोन खाचा आहेत. त्यामुळे ते कुठल्याही स्लॉटमध्ये जाईल, माझ्याही जाईल. पण हे जुन्या पद्धतीचं आहे, याला वीज जास्त लागते. माझ्या कम्प्युटरचा मुख्य बोर्ड दीड व्होल्टचा. पुस्तिकेत चौकट करून लिहिलंय, जास्त व्होल्टचं कार्ड लावलं तर बोर्ड जळेल. खाच बघून फसू नका म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. बघायला आलेल्यांनी माझी उंची बघितली होती, रंग बघितला होता, एकानं तर मला चालायला लावून पावलं बघितली होती. मी बोललेलं कुणी बघितलं नव्हतं.

"आमच्या लॅबमध्ये असेच दोन बोर्ड गेले," तो म्हणाला. "सरांना कळेपर्यंत धूर."

"मग दाजींना माहीत नाही का? त्यांचं तर दुकान आहे."

"दाजींचं काय, पडून असलेलं असेल, उचललं." त्यानं दाराकडे पाहिलं. "हे बघा, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही बोललात तर त्यांना लागेल. मी सांगतो. माझ्यावर सोडा."

माझ्यावर सोडा. असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. घरात सगळं माझ्यावर सोडलेलं असायचं.

आम्ही बाहेर आलो. पोह्यांची दुसरी वाटणी चालली होती. मी कार्ड टीपॉयवर ठेवलं, पोह्यांच्या बशांशेजारी, आणि आत चहा ठेवायला वळले.

"कुठे निघाल्या?" दाजी म्हणाले. "बसवून दाखवा की."

"आता?"

"आता नाही तर केव्हा? आमच्या आजीच्या वेळी मुलीला सुईत दोरा ओवायला लावायचे. आता जमाना बदलला, आम्ही कार्ड बसवायला लावतो." ते अण्णांकडे बघून हसले. "काय अण्णा, चालेल ना?"

"चालेल म्हणजे!" अण्णा उठलेच. "आपण इकडंच आणू, सगळ्यांना दिसेल." आणि ते आत जाऊन वायरी सोडवून कॅबिनेट उचलून घेऊन आले. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, जसं एसटीतून आणलं होतं तसंच. मागून आईनं मॉनिटर आणला. टीपॉयवरच्या बशा खाली उतरल्या आणि माझं यंत्र भर बैठकीत पाहुण्यांसमोर येऊन बसलं. त्याच्यावर मी विणलेलं लोकरीचं झाकण होतं. ते काढताना मला उगीचच लाजल्यासारखं झालं.

मी उमाकांतकडे पाहिलं. तो पोह्यांतले शेंगदाणे चमच्यानं एका बाजूला करत होता.

सांगेल, म्हटलं. सगळ्यांसमोर कसं सांगायचं, शब्द जुळवत असेल.

म्हणून मी सावकाश सुरुवात केली. स्क्रू ड्रायव्हर पटकन सापडला होता तरी शोधायला आत जाऊन आले. बाजूच्या पत्र्याचा पहिला स्क्रू काढून बशीत ठेवला. दुसरा काढला. बशीत स्क्रू पडल्याचा आवाज त्या शांततेत फार मोठा होता. प्रत्येक वेळी मी वर बघत होते. पत्रा निघाला. आत थोडी धूळ होती, ती पदरानं पुसली. पुसायची गरज नव्हती.

"हात थरथरतोय," दाजी म्हणाले. "स्वतः शिकलेल्यांचं असंच असतं. घरात सगळं येतं, चारचौघांत हात कापतो."

"अहो, घाबरवू नका तिला," ललिताताई म्हणाल्या, आणि लाडू उचलला.

मी कार्ड हातात घेतलं. पंख्यातले दोन तांदूळ नखानं काढले. मग म्हटलं, "दाजी, याची खाच—"

"जुळत नाही?"

"जुळते."

"मग झालं की!"

"जुळते, पण माझा बोर्ड..."

"प्रमे," अण्णा म्हणाले.

एवढंच. कपाळावर घाम, ओठांवर हसू, आणि मला लहानपणी ताप आला की उशाशी बसून ते ज्या डोळ्यांनी बघायचे ते डोळे. आई दारात पदराचा बोळा करून उभी. "पाहुण्यांनी इतकं प्रेमानं आणलंय," ती म्हणाली. "ओटीत घातलंय गं. ओटीतलं काही परत करतात का?"

मी उमाकांतकडे वळले. मला अजूनही वाटत होतं की त्याला फक्त एक धागा हवाय, मी टोक दिलं की तो ओढेल.

"तुम्ही तर लॅबमध्ये असता," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. बसेल ना हे?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं चमचा बशीत ठेवला. रुमालानं तोंड पुसलं, त्या शाईच्या डागाच्या रुमालानं.

"दाजी म्हणतायत म्हणजे बसेल," तो म्हणाला.

कार्ड बसलं. खाच तंतोतंत जुळली, टक् आवाज झाला. मी मॉनिटरची वायर लावली, कार्डाच्या पट्टीचा स्क्रू आवळला. अण्णांनी लांबून एक्स्टेन्शनची वायर ओढून आणली होती, तिच्यात प्लग घातला आणि बटणावर बोट ठेवलं.

हे आता लिहिताना मला ते बोट दिसतं. नखाला हळदीचा पिवळा रंग होता, सकाळी आईनं लावायला लावली होती.

दाबलं.

पंखा अर्धा फिरला. मॉनिटरचा दिवा हिरवा होईल म्हणून सगळे तिकडे बघत होते, तो पिवळाच राहिला. मी आत बघत होते. बोर्डावर एक काळा चौकोन होता, त्याच्या मध्यावर एक फुगा आला, डोशावर येतो तसा, आणि फुटला. मग वास. लाखेची बांगडी जळावी तसा. बारीकसा धूर सरळ वर गेला आणि ललिताताईंनी लाडवावर हात धरला.

मी प्लग ओढला, पण तो ओढायचा म्हणून ओढला.

मग दाजी पुढे वाकले, चष्मा कपाळावर चढवून आत पाहिलं, बोटानं फुग्याच्या जागी टिचकी मारली आणि म्हणाले, "अरेरे. बोर्ड गेला. जुना होता ओ. आज ना उद्या जाणारच होता."

"जाणारच होता," अण्णा म्हणाले.

आईनं देवासमोरची उदबत्ती आणून बैठकीच्या कोपऱ्यात लावली. वास गेला नाही, दोन वास झाले. चहा आला. उमाकांतनं एक घोट घेतला आणि आईला म्हणाला, "चहा छान झालाय."

ते गेल्यावर अण्णांनी मला कधी नव्हे ते वाट्टेल तसं बोलून घेतलं. एवढी वर्षं त्या डब्यासमोर बसतेस आणि एक कार्ड नीट बसवता आलं नाही, चारचौघांत शोभा केली, आता हे कसले परत येतात. त्यांना वाटलं मी चुकीचं बसवलं. मी काही सांगितलं नाही. कॅबिनेट पुन्हा आतल्या टेबलावर नेऊन ठेवलं, लोकरीचं झाकण घातलं. कार्ड काढलं नाही. आतली हार्ड डिस्क वाचली होती, तीच तेवढी सोडवली. दुसऱ्या दिवशी प्रेसवाल्यांचा माणूस येऊन ती घेऊन गेला. सगळ्या पत्रिका तिच्यात होत्या, माझे पोपटसुद्धा. "आम्ही दुसरीकडून करून घेतो ताई," तो म्हणाला. "सीझन थांबत नाही ना." त्याचंही बरोबर होतं.

संध्याकाळी फोन वाजला. अण्णा उभे राहून बोलायला लागले. "हो... हो... नाही नाही, त्याचं काय एवढं..." मग हळूच खाली बसले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ रिसीव्हरवर हात तसाच.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"पसंत आहे."

आई मटकन बसली.

"पसंत आहे म्हणाले. दाजी स्वतः बोलले. म्हणाले, मुलगी ऐकणारी आहे, आम्हाला अशीच हवी होती." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "प्रमे, बोललो ते मनावर घेऊ नको गं."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. उमाकांतचाही फोन आला, दोन दिवसांनी. म्हणाला, "त्या दिवशी बोलता आलं नाही. दाजींपुढे माझी जीभ उचलत नाही. लहानपणापासून त्यांनीच सांभाळलं." मी म्हटलं, "असू द्या." तो म्हणाला, "तुमचं मशीन गेलं." मी म्हटलं, "मशीन काय, येईल दुसरं." आणि फोन ठेवल्यावर त्या खोलीत जाऊन झाकणावरची धूळ झटकली. भित्रा आहे, म्हटलं, वाईट नाही. भित्र्या माणसाबरोबर राहता येतं, आपण दोघांच्या वाटचं बोलायचं. असा सगळा हिशोब मी उभ्याउभ्या मांडून टाकला.

साखरपुडा झाला. कार्यालय ठरलं. माझी पत्रिका दुसऱ्यानं केली. चारी कोपऱ्यांत मोर होते, पिसारे एकमेकांत अडकलेले.

बस्ता सोलापुरात बांधला. पांढऱ्या गादीवर आम्ही बायका बसलेल्या, समोर साड्यांचा ढीग, दुकानातला माणूस एकेक साडी उलगडून माझ्या खांद्यावर टाकून बघत होता. ललिताताई त्या दिवशी फार खुशीत होत्या. त्यांच्या मनासारखं लुगडं मिळालं होतं आणि दुकानदारानं मसाला दूध दिलं होतं.

"तुझ्या मशीनचं वाईट वाटलं हो मला," त्या अचानक म्हणाल्या. "मी ह्यांना म्हटलं होतं, निदान बंद पडलेलं, बिघडलेलं कार्ड न्या, नुसतं बसवेल बिचारी. तर म्हणाले, मग कळणार कसं?"

"काय कळणार कसं?"

"तेच की गं." त्या माझ्या मांडीवर थाप मारून हसल्या. "आता झालीस आमची, आता सांगायला काय. ते कार्ड मुद्दाम नेलं होतं. तुझ्या आधी उस्मानाबादची एक बघितली. शिकलेली, कम्प्युटरमधली डिग्री. दिसायला तुझ्यापेक्षा उजळ. ओटीत कार्ड घातलं, ह्यांनी बसव म्हटलं, तर चारचौघांत उचललं, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाली, काका, हे माझ्या मशीनला चालणार नाही, बोर्ड जळेल. आणि परत दिलं! ह्यांच्या हातात! ओटीतनं काढून!"

"मग?"

"मग काय, चहासुद्धा न घेता उठलो."

दुकानातल्या माणसानं माझ्या खांद्यावर मोरपंखी रंगाची साडी टाकली. मला काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारलं नाही तर बरं होईल असंही वाटत होतं.

"तिलाही त्यांनी आत नेऊन सांगितलं होतं का? बसवू नको म्हणून?"

"उमानं? सांगितलं होतं की. मूळ कल्पनाच त्याची." ललिताताईंनी दुधाची साय बोटानं बाजूला केली. "ह्यांचं आपलं म्हणणं होतं, नुसतं बसव म्हणून सांगू. तर उमा म्हणाला, दाजी, त्यात काय आहे, जिला माहीत नाही ती कुणीही बसवेल. मी आधी आत सांगतो, बसवलंस तर जळेल. तुम्ही बाहेर सांगा, बसव. माहीत असून बसवते ती आपल्या घरात नांदेल." त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. कौतुक माझं नव्हतं. "वरनं गरीब दिसतो माझा भाऊ. पण डोकं आहे."

"ही उठून दिसतेय ताईंना," दुकानातला माणूस म्हणाला.

"ही घ्या," मी म्हटलं.

त्या उस्मानाबादच्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. पण सोलापूरहून येताना गाडीत सगळ्या झोपल्या होत्या आणि मी तिच्याबद्दलच विचार करत होते. तिची आई दारात उभी असेल. तिचे वडील काही म्हणाले असतील की गप्प राहिले असतील? आणि पाहुणे चहा न घेता उठले तेव्हा ती तिच्या चालू कम्प्युटरसमोर जाऊन बसली असेल का.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मोरीपाशी आरसा टेकवून दाढी करत होते, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते एका गालाला साबण तसाच ठेवून ऐकत राहिले.

"म्हणजे तुला माहीत होतं, जळणार म्हणून?"

"हो."

"मग बसवलंस कशाला?"

"तुम्ही प्रमे म्हणालात."

त्यांचा वस्तरा हवेत थांबला. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील. एसटीच्या त्या प्रवासानंतर त्यांचा उजवा गुडघा कायमचा धरला होता. तो त्यांनी चोळला. आरशात एकदा माझ्याकडे बघितलं.

"झालं ते बरंच झालं म्हणायचं," ते म्हणाले. "बोलली असतीस तर त्या उस्मानाबादच्या पोरीसारखी बसली असतीस घरी. कार्यालय ठरलंय. पत्रिका वाटून झाल्यात. आणि कल्पना काय, चेष्टा असते गं लग्नात अशी. आमच्या वेळी जावयाच्या वहाणा लपवायचे." मग दाढी पुरी केली. कानाच्या पाळीला साबण तसाच राहिला. मी पुसला.

रुखवतात कम्प्युटर ठेवायची कल्पना अण्णांचीच. "मुलीचं कौशल्य दिसलं पाहिजे," ते म्हणाले. लाडवांचा डोंगर, शेवयांचं तुळशीवृंदावन, सुपारीची नवरा-नवरी, आणि त्यांच्यामध्ये माझं यंत्र, लोकरीच्या झाकणाखाली. रुखवतातल्या प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी लावायची पद्धत असते, काहीतरी गमतीचं लिहून. शेवयांवर माझ्या मावशीनं लिहिलं, कुरडयांवर शेजारच्या काकूंनी. कम्प्युटरची चिठ्ठी मी लिहिली, हातानं, कारण आता हातच राहिला होता.

'नवऱ्या मुलाकडची पहिली भेट आत आहे. मुलीनं स्वतः बसवली. त्यानंतर चालू झाला नाही.'

रुखवत बघायला मंडळी आली. दाजींनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि पोट धरून हसले. "मुलगी विनोदी आहे की ओ! उमा, इकडे ये, हे बघ." त्यांच्यामागून सगळ्या बायका हसल्या. ललिताताई हसल्या आणि मध्येच थांबल्या. एका म्हाताऱ्या आजींना काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी कॅबिनेटच्या बटणावर बोट दाबून पाहिलं. "चालतो का गं?"

"नाही आजी," मी म्हटलं. "ठेवायचा आहे."

उमाकांत आला. फेटा, मुंडावळ्या, खिशाला या वेळी डाग नाही. त्यानं चिठ्ठी वाचली, सावकाश, शेवटपर्यंत. मग ती सोडवून घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, फोटोसाठी उभं राहावं तसा, आणि समोर बघत, हसत, मला तेवढं ऐकू येईल असं म्हणाला, "हे शेवटचं. आमच्या घरात असलं चालत नाही. कळलं ना तुला?"

मला तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला. "वहिनी, जरा हसा की."

मी हसले.

तो फोटो आमच्या लातूरच्या बैठकीत अजून लावलेला आहे. आम्ही दोघं, मागे लाडवांचा डोंगर आणि लोकरीच्या झाकणाचा एक कोपरा. नवीन कुणी आलं की हटकून विचारतं, अरे वा, रुखवतात कम्प्युटर, तेव्हापासून येतो का वहिनींना? मी चहा आणायला आत वळते. उमाकांत चष्मा पुसत पुसत सांगतो. खांदे हलतात, आवाज होत नाही.

"सगळं तिचं तीच शिकली हो. मी फक्त एक कार्ड दिलं होतं."